एकाच आजीच्या दोन नोंदी

गेल्या जुलैतली दुपार. पावसाची मोठी सर नुकतीच ओसरली होती, आणि पुण्याच्या उपनगरातल्या ज्या शाळेचे सॉफ्टवेअर मी सांभाळते, तिथल्या ऑफिसातून फोन आला. शाळा सुटल्यावर मुलाला न्यायला येणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर चार आकडी ओटीपी जातो आणि तो फाटकावरच्या टॅबमध्ये टाकला, की मुलाला बाहेर सोडतात, अशी आमची व्यवस्था. त्या दिवशी एक आजी दोन नातवंडांना न्यायला आल्या होत्या. मुलाचा मुलगा पहिलीत, मुलीची मुलगी तिसरीत. नातवाचा ओटीपी आला, नातीचा आला नाही. नातू बाहेर येऊन त्यांच्या पदराला धरून उभा, आणि नात फाटकाच्या आत, पाठीवर दप्तर, डोक्यावर रेनकोटची टोपी, दोन्ही हातांनी ओले गज धरून. चाळीस मिनिटे हे असेच चालले होते. वॉचमन नियमाने वागत होता, त्याचे काही चुकले नव्हते. ऑफिसातल्या मॅडमनी मला सगळे सांगितले आणि फोन आजींच्या हातात दिला. त्या रागावल्या नव्हत्या, फक्त गोंधळलेल्या होत्या. "अगं बाई, या पोराची मी आजी आहे आणि हिची नाही, असं कसं होईल?"

मी मुलीला सोडायला सांगितले, आजींची क्षमा मागितली आणि लॅपटॉप उघडला. कारण सापडायला पाच मिनिटेही लागली नाहीत. आमच्या पालकांच्या टेबलात 'विद्यार्थी क्रमांक' असा एक कॉलम होता. प्रत्येक पालक कोणत्या तरी एकाच विद्यार्थ्याचा, असे त्या कॉलमने गृहीत धरले होते. त्यामुळे नातीच्या प्रवेशाच्या वेळी आजींची एक नोंद झाली आणि दोन वर्षांनी नातवाच्या प्रवेशाच्या वेळी दुसरी. पुढे आजींचा मोबाइल नंबर बदलला, तो त्यांनी ऑफिसात येऊन सांगितला, मॅडमनी नातवाचे पान उघडून तो बदलला. नातीच्या पानावर जुना नंबर तसाच राहिला. फाटकाबाहेर एकच बाई उभ्या होत्या, माझ्या डेटाबेसमध्ये मात्र त्या दोन होत्या, आणि त्यांतल्या एकीचा फोन बंद पडला होता.

ती रचना माझी होती.

एका मुलाला अनेक पालक, हे मला लिहिताना सुचले होते. एका पालकाची अनेक मुले, हेही ठाऊक नव्हते असे नाही. पण फॉर्म मुलाच्या नावाने भरला जातो, कागद मुलाच्या फाइलीत लागतो, तेव्हा जगाकडे मुलाच्या बाजूनेच पाहायची सवय लागली होती. दोन्ही बाजूंनी 'अनेक' असलेला संबंध एका टेबलात बसत नाही. विद्यार्थ्याच्या ओळीत पालक कोंबून बघा, नाहीतर पालकाच्या ओळीत विद्यार्थी. कुठून तरी बाहेर येतोच. माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही याच अडचणीवर एका कॉलममध्ये स्वल्पविराम देऊन क्रमांक लिहायचा तोडगा काढला होता: १२,४७,११२. लिहिताना तो फार सोपा वाटला. मग बारा क्रमांकाचे सगळे शोधायची वेळ आली, आणि '१२' हे आकडे जिथे जिथे दिसतील ते सगळे, म्हणजे एकशे बारा आणि चारशे बारासुद्धा, उत्तरात येऊ लागले. त्यातला एखादा क्रमांक मुळात अस्तित्वातच नसेल तर डेटाबेसला ते कळायचीही सोय नव्हती, कारण त्याच्या लेखी ते क्रमांक नव्हतेच, नुसती अक्षरे होती. असल्या नोंदीवर फॉरेन की, म्हणजे 'हा क्रमांक त्या दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे' हे बंधन, लावता येत नाही.

यावरचा उपाय आमच्या धंद्यातला प्रत्येक जण पहिल्या वर्षात शिकतो. दोन टेबलांच्या मध्ये तिसरे टेबल ठेवायचे. त्यात एक कॉलम विद्यार्थ्याचा क्रमांक, दुसरा पालकाचा. एक जोडी, एक ओळ. आजी एकदाच, नात एकदाच, नातू एकदाच, आणि मधल्या टेबलात दोन ओळी. नंबर बदलला तर एकाच ठिकाणी बदलेल. याला कोणी जॉइन टेबल म्हणते, कोणी पिव्हट, कोणी जंक्शन. मलाही ते येत होते. तरीही मी ते केले नव्हते, कारण पहिल्या प्रवेशाच्या दिवशी त्याची गरज दिसत नव्हती.

त्या रात्री मी आप्पांना फोन केला. माझे वडील मिरजेकडच्या एका सजात तलाठी होते, निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. हाताने लिहिण्याच्या काळातले तलाठी. लहानपणी आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत लाल फडक्यात बांधलेली दप्तरे असत, आणि त्यांची गाठ सोडली की जुन्या कागदाचा, शाईचा आणि वाळवीच्या पावडरीचा एक वास खोलीभर पसरे. आप्पा चष्मा कपाळावर चढवून, पान डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन वाचत. गावातले लोक 'भाऊसाहेब' म्हणत पायरीवर टेकायचे. कोणी म्हणे, गट नंबर अमुकचा उतारा द्या. तेव्हा आप्पा एक दप्तर काढत, त्यात गटागटाने पाने असत: हा गट, त्याचे क्षेत्र इतके हेक्टर इतके आर, त्यात पोटखराबा किती, आणि खाली कब्जेदारांची नावे, एकाखाली एक. ते सातबाराचे दप्तर. दुसरा कोणी येऊन म्हणे, भाऊसाहेब, माझ्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे तेवढं बघा. तेव्हा आप्पा ते दप्तर बाजूला सारून दुसरे काढत, त्यात माणसामाणसाने पाने असत: हा खातेदार, आणि खाली त्याचे गट, एकाखाली एक. तो आठ-अ. एकदा मी विचारले होते की दोन्हीकडे तेच तर लिहिलेय, मग दोनदा कशाला लिहायचे? आप्पा म्हणाले होते, "तेच आहे गं. पण विचारणारे दोन तऱ्हेचे असतात. कुणी गट नंबर घेऊन येतो, कुणी नुसतं स्वतःचं नाव घेऊन येतो."

एका गटात अनेक खातेदार, एका खातेदाराचे अनेक गट. मी आठ-नऊ वर्षांची असताना घरात जे रोज पाहिले, ते पुढे इंजिनिअरिंगच्या पुस्तकात मला नवे म्हणून भेटले आणि मी ओळखलेसुद्धा नाही. आता मधल्या टेबलावर इंडेक्स, म्हणजे झटकन शोधण्यासाठीची क्रमवार सूची, लावताना मात्र आप्पांची ती दोन दप्तरे दिसतात. विद्यार्थी आधी आणि पालक नंतर अशी जोडीची प्रायमरी की, म्हणजे ओळीची ओळख, केली, की विद्यार्थ्यावरून पालक झटकन सापडतात, कारण इंडेक्स त्याच क्रमाने लावलेला असतो; उलट दिशेने, पालकावरून विद्यार्थी शोधायचे तर तो क्रम फारसा कामाला येत नाही आणि टेबल बहुधा सगळेच चाळावे लागते. आम्ही पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरतो. तिथे फॉरेन की लावल्याने त्या कॉलमवर इंडेक्स आपोआप तयार होत नाही, तो आपणच लावायचा असतो. मी लावला. त्या ओळीच्या वर कोडमध्ये एक टीप लिहिली: 'हा आठ-अ'. टीममधल्या नागपूरच्या मुलाला तीच टीप सगळ्यांत चटकन कळली.

आप्पांनी त्या रात्री आणखी एक आठवण काढली. त्यांच्या सजात एक धाकटा भाऊ होता, तीस वर्षे त्याच रानात राबलेला, आणि सातबाऱ्यावर त्याचे नावच नव्हते. होते ते थोरल्याचे, आणि त्यापुढे तीन अक्षरे: ए. कु. मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. जुन्या काळी वाटण्या झाल्या नव्हत्या, घर एक होते, तेव्हा सगळ्यांच्या वतीने कर्त्याचे एक नाव लावून काम भागवलेले. थोरला गेल्यावर त्याच्या मुलांची नावे वारसाने लागली आणि धाकटा चावडीत येऊन बसला. त्याचा हक्क गेलेला नव्हता, पण तो कागदावर दाखवायला आप्पांना कितीतरी जुनी फेरफार रजिस्टरे उलटावी लागली. "जागा एकच होती ना लिहायला," आप्पा म्हणाले, "मग एकच नाव लिहिलं." मला आमच्या प्रवेश-अर्जावरची 'पालकाचे नाव' ही एकच रेघ आठवली. त्या रेघेवर सहसा कोणाचे नाव पडते आणि कोणाचे राहून जाते, हे महाराष्ट्रातल्या कोणालाही मी सांगायला नको. सातबाऱ्यावर कितीतरी बहिणींची नावे अजूनही 'इतर हक्क' या रकान्यात बसलेली असतात. रकाने कोणी आखले आणि किती आखले, यावर माणसांचे बरेच काही ठरते, असे मला तेव्हापासून फार वाटते.

नवे टेबल करायला बसले तेव्हा सुरुवातीला त्यात दोनच कॉलम होते. आम्ही वापरतो त्या लारावेल या फ्रेमवर्कचा, म्हणजे कोडच्या तयार सांगाड्याचा, संकेत असा की दोन्ही नावे एकवचनात, वर्णानुक्रमाने, मध्ये अंडरस्कोअर देऊन जोडायची. म्हणून त्याचे नाव झाले 'गार्डियन_स्टुडंट'. मग जुन्या टेबलातला 'नाते' हा कॉलम कुठे ठेवायचा हा प्रश्न आला. तो पालकाच्या टेबलात होता आणि आजवर कधी अडला नव्हता. आता मात्र अडला. शाळेत एक गृहस्थ आहेत, त्यांची स्वतःची मुलगी पाचवीत आहे आणि बहिणीचा मुलगा दुसरीत. बहीण परगावी नोकरीला, म्हणून भाचा यांच्याकडेच राहतो. या माणसाच्या ओळीत नाते काय लिहायचे? ते बाबा आहेत आणि मामाही आहेत. मुलांच्या ओळीतही लिहिता येत नाही, कारण दुसरीतल्या मुलाला मामा आहे तशी आईही आहे. जुन्या रचनेत या गृहस्थांच्या दोन वेगवेगळ्या नोंदी होत्या, एक बाबा म्हणून आणि एक मामा म्हणून, आणि त्या दुहेरी नोंदीनेच हा पेच इतके दिवस झाकून ठेवला होता. नाते ना या माणसाचे असते ना त्या मुलाचे. ते त्या दोघांच्या मधल्या ओळीचे असते.

यात नवे असे काही नाही. एडगर कॉड यांनी १९७० साली, आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत असताना, ज्या लेखातून रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली, त्यातल्या पहिल्याच आकृतीतले टेबल हे मधले टेबल आहे: पुरवठादार, सुटा भाग, प्रकल्प आणि किती नग. 'किती नग' हे ना पुरवठादाराचे, ना सुट्या भागाचे, ना प्रकल्पाचे. त्या तिघांच्या एकत्र येण्याचे. (कॉड यांचा 'रिलेशन' हा शब्द गणितातला आहे, त्याचा अर्थ ते टेबल स्वतःच, दोन टेबलांमधला दुवा असा नव्हे. मराठीत विचार करताना माझा इथे पुष्कळ दिवस घोटाळा व्हायचा.) पुढे १९७६ साली पीटर चेन यांनी संबंध हे स्वतंत्र चौकोनांनी, म्हणजे टोकावर उभ्या केलेल्या शंकरपाळ्याच्या आकारात काढायला सुरुवात केली आणि त्या शंकरपाळ्यालाही स्वतःचे गुण असतात हे दाखवले. त्यांचे उदाहरण कर्मचारी आणि प्रकल्प यांचे होते, आणि गुण कोणता, तर त्या प्रकल्पाला दिलेल्या वेळाची टक्केवारी. ते वाचले तेव्हा मला सातबाऱ्यावरची आणे-पैतली हिस्सेवारी आठवली. सहा आणे हिस्सा हा ना जमिनीचा गुण, ना माणसाचा.

तेव्हा मधल्या टेबलात 'नाते' आले. पाठोपाठ 'घरी न्यायची परवानगी' आली, कारण फी भरणारा काका आणि न्यायला येणारी मावशी वेगवेगळी असू शकतात. मग 'फीची पावती कोणाला' तेही आले. जोडी एकमेव असली पाहिजे हे बंधन मी आधी विसरले होते. आठवडाभरातच कोणी तरी 'जतन करा' हे बटण दोनदा दाबले, एकाच आईच्या दोन ओळी पडल्या, आणि तिला प्रत्येक सूचना दोनदा जाऊ लागली. ते दुरुस्त करेपर्यंत फीचा अहवालही चुकला: पालक आणि फी ही दोन्ही टेबले विद्यार्थ्याला एकाच वेळी जोडून बेरीज घेतली, तर दोन पालक असलेल्या मुलाची फी दुप्पट दिसते. हे असले खड्डे रस्त्यावर नेहमीचेच, त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. जुन्या दुहेरी नोंदी एकत्र करणे हे खरे कष्टाचे काम होते. नाव तेच, नंबर वेगळा. नंबर तोच, नाव एकीकडे आडनावासकट आणि एकीकडे नुसते 'मावशी'. ते यंत्रावर सोडायची मला हिंमत झाली नाही. ऑफिसातल्या मॅडम आणि मी रोज दुपारी यादी घेऊन बसायचो आणि फोन करायचो.

आणि मग सप्टेंबरात एक असा प्रश्न आला, ज्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

एका मुलाचे आई-वडील वेगळे झाले होते. वडिलांनी मुलाला शाळेतून नेण्यावर कोर्टात काही मुद्दा निघाला, आणि आईच्या वकिलांनी शाळेला लेखी विचारले की वडिलांची परवानगी कोणत्या तारखेपर्यंत होती आणि ती कोणाच्या सांगण्यावरून काढली. मी टेबल उघडले. त्यात आईची ओळ होती, मामाची होती, वडिलांची नव्हती. कधीपासून नव्हती? ते लिहिलेले नव्हते. आमच्या फॉर्मवर पालकांच्या नावांपुढे चौकटी होत्या; ज्या चौकटीत खूण आहे तेवढ्या ओळी ठेवायच्या आणि बाकीच्या काढून टाकायच्या, हे काम लारावेलमध्ये 'सिंक' नावाची एकच आज्ञा करते. फार सोयीची आज्ञा. तिने वडिलांची ओळ पुसली होती, आणि ती कधी काळी होती याची कसलीही खूण उरली नव्हती. ओळ कधी तयार झाली हेसुद्धा पिव्हट टेबलात मुद्दाम सांगितल्याशिवाय नोंदले जात नाही, आणि मी सांगितले नव्हते. शेवटी जुन्या बॅकअपच्या फायली एकेक उघडून आम्ही तारखेच्या आसपास पोचलो. नेमकी तारीख नाहीच मिळाली. एका मुलाच्या बाबतीत, जिथे नेमकेपणा लागतो तिथे, मी 'साधारण या आठवड्यात' असे उत्तर दिले. त्याची खंत मला अजून आहे.

आप्पांना विचारले, "सातबाऱ्यावरून नाव कमी करायचं तर तुम्ही काय करायचात?" त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला. "नाव पुसत नाहीत. कंस करतात. शेजारी फेरफाराचा नंबर घालायचा. तो नंबर सहाच्या रजिस्टरला काढला की कोणी अर्ज दिला, कशावरून नोंद धरली, सर्कल ऑफिसरनं कधी मंजूर केली, सगळं मिळतं. पुसलेलं नाव उद्या कोर्टात कुठून आणणार?" गाव नमुना सहा, फेरफाराचे रजिस्टर, मला लहानपणी सगळ्यांत कंटाळवाणे वाटे, कारण त्यात नुसता मजकूर असे, उताऱ्यासारखी आखीव पाने नसत. जमीन कोणाची, हे सातबारा सांगतो. ती त्याची कशी झाली, हे ते कंटाळवाणे रजिस्टर सांगते.

मी सिंक काढून टाकले. मधल्या टेबलात 'पासून', 'पर्यंत', 'नोंद कोणी केली' आणि 'कशाच्या आधारे' असे चार कॉलम घातले. नाते संपले तर ओळ काढायची नाही, 'पर्यंत'मध्ये तारीख घालायची. त्याबरोबर जोडी एकमेव असण्याचे बंधनही बदलावे लागले, कारण परगावी गेलेली मावशी वर्षाने परत येते आणि पुन्हा मुलाला न्यायला लागते. ती नवी ओळ, नवी तारीख. पोस्टग्रेसमध्ये काही ओळींपुरताच इंडेक्स करता येतो, म्हणून ज्या ओळीत 'पर्यंत' रिकामे आहे तेवढ्यांतच जोडी एकमेव असावी असे सांगितले. विद्यार्थ्याची नोंद काढली की त्याच्या मधल्या ओळीही आपोआप उडाव्यात अशी जी कॅस्केडची सोय आधी होती, तीही काढली. आता ओळी असतील तर डेटाबेस नोंद काढूच देत नाही. आणि हे सगळे झाल्यावर 'गार्डियन_स्टुडंट' हे नाव मला वाचवेना. दोन नावांना दोरीने बांधावे तसे ते नाव होते, आणि त्या टेबलात तर आता तारखा होत्या, परवानग्या होत्या, सहीवाल्याचे नाव होते. रेल्स या दुसऱ्या फ्रेमवर्कवाल्यांकडेही दोन पद्धती आहेत, एक बिननावाच्या मधल्या टेबलाची आणि एक, २००६ पासूनची, मधल्या टेबलाला स्वतःचे मॉडेल, म्हणजे कोडमधले स्वतंत्र रूप, देणारी. जँगो या आणखी एका फ्रेमवर्कमध्ये त्याच कामाला 'थ्रू' म्हणतात. ज्यांनी ज्यांनी ही फ्रेमवर्क लिहिली, त्या सगळ्यांनाच पुढेमागे मधल्या ओळीला नाव द्यायची सोय करावी लागली, याचा मला दिलासा वाटला. टीममध्ये दोन दिवस शब्द शोधला. शेवटी कोडमध्ये 'गार्डियनशिप' ठेवले, आणि स्क्रीनवर 'पालकत्व'.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी शाळेत गेले. जुलैतल्या आजींच्या मुलाची बदली झाली होती, नातवाचा दाखला काढून ते सगळे नाशिकला गेले होते. आजी लेकीकडे राहिल्या होत्या. मॅडमनी त्यांचे पान उघडले. वर आजींचे नाव आणि एकच मोबाइल नंबर. खाली दोन ओळी: नात, तिसरी, आजी, परवानगी आहे. नातू, पहिली, आजी, आणि ही ओळ फिकट अक्षरांत, दोन्ही बाजूंना कंस, पुढे तारीख आणि दाखल्याचा क्रमांक. हे कंस मी अगदी शेवटी, कोणाला न विचारता घातले होते आणि ते मॅडमना समजावून सांगायचे मनात ठरवून आले होते. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवले. "हे कंसात का ते..." असे म्हणून त्या क्षणभर थांबल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "हां, सातबाऱ्यावर असतं तसं."

तेवढ्यात घंटा झाली. मी खिडकीशी गेले. फाटकाबाहेरच्या गर्दीत आजी होत्या. त्यांनी मोबाइल हात लांब करून धरला होता, आणि डोळे बारीक करून त्या चार आकडे वॉचमनला एकेक करून मोठ्याने वाचून दाखवत होत्या.